सहा पायांचा अष्टपाद

"मामा, खोटंय हे." ऑक्टोपसचा पहिला पाय समुद्रातून वर आला आणि भाच्याने निकाल देऊन टाकला. पडद्यावर १९५५ सालचा कृष्णधवल 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' चालू होता. प्रशांत महासागराच्या तळातून वर आलेलं ते अजस्र जनावर एका मालवाहू जहाजाला विळखा घालत होतं. शेजारी बाबा बसले होते. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलेलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जनावर ठीक आहे रे. पाणी बघ. थेंब केवढाले आहेत."

समुद्री राक्षसाच्या स्वस्तातल्या सिनेमाबद्दल लोक बोलतात ते साधारण एवढंच असतं: रबराचा आहे, बाहुली आहे, काही दाखवतच नाहीत, किंवा नको इतकं दाखवलं. मी हे सिनेमे वर्षानुवर्षं आवडीने बघत आलो आहे. प्रेक्षकाला काहीतरी खटकतं ते खरंच असतं, पण बोट बहुतेक वेळा भलतीकडेच दाखवलं जातं, असं माझं मत होत गेलं आहे. नावं राक्षसाला ठेवली जातात आणि घोटाळा पाण्यात असतो. बाबांनी तो एका वाक्यात पकडला.

घर, पूल, आगगाडी, डोंगर असं सगळं सोळापट लहान करून टेबलावर मांडता येतं. पाणी लहान करता येत नाही. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार ठरलेला असतो. बादलीत हात मारा नाहीतर भर समुद्रात जहाज बुडू द्या, थेंब तेवढाच राहणार. त्यामुळे सोळापट लहान केलेल्या जहाजावर उडालेला थेंब पडद्यावर मोसंब्याएवढा दिसतो. दुसरी अडचण वेगाची. छोटी लाट चटकन उठते आणि चटकन फुटते, मोठी लाट आपला वेळ घेते. यावर चित्रपटवाल्यांचा जुना तोडगा असा की कॅमेराच जास्त वेगाने फिरवायचा. प्रतिकृती सोळापट लहान असेल तर वेग चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं. नेहमीच्या वेगाने ती दाखवली की लाट सावकाश, जड होऊन कोसळते. लाटेला वजन येतं, पण थेंब काही लहान होत नाही. त्यावर इलाज एकच: प्रतिकृतीच मोठी करा, टाकी मोठी करा, मोठाले पंखे लावा. नेमका तेवढा पैसा या मंडळींकडे नसायचा. रानातला राक्षस किंवा वाळवंटातला राक्षस गरिबाला परवडतो. समुद्रातला परवडत नाही.

या सिनेमातला ऑक्टोपस रे हॅरीहाउझेन यांनी हलवला. १९३३ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी 'किंग काँग' पाहिला आणि पुढचं सगळं आयुष्य बाहुल्यांना जीव देण्यात घालवलं. बाहुली किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे चोवीस वेळा. आता यात पाणी आणा पाहू! दोन चित्रांच्या मधल्या वेळात बाहुली थांबते, पाणी कुणासाठी थांबत नाही. म्हणून हॅरीहाउझेन फेस आणि तुषार वेगळे चित्रित करून पाय जिथे पाण्याला लागतो त्या जागेवर चढवत. बाबांना दिसलेला थेंब बहुधा त्या सांध्यावरचाच असावा.

सिनेमाचं अंदाजपत्रक दीड लाख डॉलरच्या आसपास होतं. आठ पाय म्हणजे प्रत्येक चित्राला आठ ठिकाणी हात लावायचा. तेवढा वेळ नव्हता, तेवढे पैसेही नव्हते. म्हणून दोन पाय गाळले. खुद्द हॅरीहाउझेन पुढे त्याला 'सिक्सटोपस' म्हणत. आपल्याकडे तर अडचण आणखी गोड आहे. ऑक्टोपसला आपण अष्टपाद म्हणतो, आणि सहा पाय म्हणून षट्पद म्हणायला जावं तर तो होतो भुंगा.

एवढी मोठी चूक पडद्यावर उघडी असताना ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, सांगितल्यावर मात्र सगळे चकित होतात. मला वाटतं, या प्रकारच्या सिनेमांबद्दलचं खरं शहाणपण इथे आहे. दोन पाय पुलाला भिडलेले, एखादा हवेत, बाकीचे पाण्याखाली असतील असं आपणच धरून चालतो. पण तेवढ्याने भागलं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर जेव्हा एक पाय सरपटत येतो, तेव्हा त्याचं टोक आधी चाचपतं. अंधारात भिंतीवर बटण शोधणाऱ्या हातासारखं. मग थबकतं, मग पकडतं. त्या थबकण्यात जनावर आहे. ते काहीतरी शोधतंय, त्याला अजून कळलेलं नाही, असं वाटतं, आणि एकदा असं वाटलं की पाय मोजायचं कुणाला सुचत नाही. ते टोक हलवायला हॅरीहाउझेन यांना एक पैसा जास्त लागला नव्हता. लागली ती चिकाटी.

गोल्डन गेट पुलाची गोष्टही सांगायला हवी. पूल मोडताना दाखवला तर लोकांचा त्यावरचा विश्वास उडेल म्हणून शहराच्या अधिकाऱ्यांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली. मग एका पाववाल्याच्या गाडीत कॅमेरा लपवला आणि ती गाडी पुलावरून ये-जा करत राहिली. राक्षस खरा वाटावा म्हणून मागचा पूल खरा हवा होता.

आणि त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात भीती आधीपासून होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख जपानच्या 'लकी ड्रॅगन' नावाच्या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. त्यातला एक जण त्याच वर्षी दगावला. नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गोजिरा' आला, पुढच्या उन्हाळ्यात हा ऑक्टोपस. कथेत तो वर का येतो? बॉम्बचाचण्यांमुळे त्याच्या अंगात किरणोत्सार भिनलेला असतो, मासे तो ओळखून पळून जातात, आणि उपाशी जनावर माणसांकडे वळतं. हे ऐकल्यावर भाचा पहिल्यांदा सरसावून बसला. "म्हणजे त्याची चूक नाहीये?" त्याने विचारलं.

त्याहून कमी पैशात काय होऊ शकतं ते रॉजर कॉरमन यांच्या 'अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स'मध्ये बघावं. साल १९५७, खर्च ७० हजार डॉलरच्या घरात. यातले राक्षसी खेकडे बघून हसू येतं, हे मी कबूल करतो. डोळे तर माणसासारखे. पण पटकथाकार चार्ल्स ग्रिफिथ यांनी एक फार स्वस्त आणि फार भयंकर युक्ती केली आहे. खेकडा ज्या माणसाला खातो त्याचं डोकंही आत्मसात करतो आणि मग मेलेल्या माणसाच्याच आवाजात रात्री बाकीच्यांना हाका मारतो. आमच्याकडे अपरात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये, तीन वेळा हाक ऐकल्याशिवाय दार उघडू नये, असं सांगत. बाबांना ही जागा बरोबर लागली. खेकडा आला तेव्हा ते हसले होते, हाक आली तेव्हा हसले नाहीत. आवाजाला प्रतिकृती लागत नाही, टाकी लागत नाही.

२००९ मध्ये पुन्हा तोच गोल्डन गेट पूल. या वेळी 'मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस' मधल्या शार्कने तो चावून तोडला. हा असायलम कंपनीचा थेट डीव्हीडीवर आलेला सिनेमा. त्यात शार्क पाण्यातून उसळी मारून आकाशातलं विमान पकडतो, आणि तेवढा तुकडा बघायला जगभरच्या लोकांनी त्याची जाहिरात पाहिली. लोक खदखदून हसले. निर्मात्यांनाही तेच हवं होतं. यात पुष्कळ जणांना मजा येते, येऊ दे. मला मात्र त्या शार्कबद्दल वाईट वाटतं. संगणकावर बनवलेल्या ऑक्टोपसला सगळे पाय देता येतात, पाणी हवं तसं हलवता येतं, पण ते टोक चाचपत का नाही? कुणीतरी रात्र जागून त्या जनावराच्या बाजूने विचार केलेला नाही, हे पडद्यावर कळतं. 'मुद्दामच वाईट केलंय' हे त्यावरचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. हॅरीहाउझेन यांनी मुद्दाम सहा पाय केले नव्हते.

अलीकडच्या सिनेमांत 'सी फीवर' मला जवळचा वाटतो. नीसा हार्डिमन या आयरिश दिग्दर्शिकेचा हा सिनेमा २०१९ चा. मासेमारीची एक छोटी बोट. पैशाची ओढगस्त असलेला तांडेल बंदी घातलेल्या पाण्यात शिरतो, आणि खालून कशाचे तरी चकाकणारे तंतू बोटीच्या बुडाला चिकटतात. जनावर नीट असं दिसत नाहीच. पुढे भीती वसते ती बोटीवरच्या पिण्याच्या पाण्यात. हा सिनेमा २०२० च्या एप्रिलमध्ये घरोघरी बघायला मिळाला, सगळे दार लावून बसले होते तेव्हा. त्यात एक तरुण संशोधक सांगत राहते की आपण किनाऱ्याला लागायचं नाही, आपल्याबरोबर हे गावात जाईल. खलाशांना घर दिसत असतं. ओळखीतल्या काहींनी मला तेव्हा फोनवर सांगितलं, "राक्षस कुठेय यात? फसवलं." काहींना तो पुरा बघवला नाही.

बाबांना तो मी मागच्या महिन्यात दाखवला. त्यांना थेंब खटकला नाही, बोट तर आवडलीच. सिनेमा संपल्यावर बराच वेळ ते त्या तांडेलाबद्दलच बोलत होते, कर्ज असलं की माणूस कुठल्या पाण्यात जाळं टाकतो याबद्दल. जनावराचा विषयही निघाला नाही. भाचा तिकडे फोनवर ऑक्टोपसचा पुलावरचा प्रसंग पुन्हा लावून बसला होता, पाय मोजायला. दोनदा बघितला. "किती झाले?" मी विचारलं.

"थांब ना मामा," तो मान वर न करता म्हणाला, "तो आत्ता काहीतरी शोधतोय."