दादीची बाली आणि मेटल डिटेक्टर

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत आले होते. पाणी ओसरल्यावर मागची मातीची भिंत बसली आणि कोनाड्यात ठेवलेली दादीची सोन्याची एक बाली ढिगाऱ्यात गेली. जोडीतली दुसरी तेवढी उरली. दादी काही बोलली नाही, पण असरची नमाज झाली की त्या ढिगाऱ्याजवळ जाऊन बसायची. शेवटी आमच्या भाच्याने मेटल डिटेक्टरची गोष्ट काढली. "आधी बाली शोधू, मग पन्हाळ्यावर जाऊन खजिना!" असे तो वर म्हणालाही. हल्ली पुष्कळ घरांत मुले मोबाइलवर ही यंत्रे दाखवून हट्ट धरतात, म्हणून आम्ही त्या दोन दिवसांत काय शिकलो ते सांगतो.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून बदलती वीज गेली की जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. तिथे धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह सुरू होतात, आणि त्यांची चाहूल कॉइलला लागते. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असेच यंत्र नेले होते. डॉक्टरांनी त्याला शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी होती दुसरीकडे!

आम्ही आधी ओळखीच्या एका मिस्त्रीकडून स्वस्तातले यंत्र आणले. त्याला एकच बटण. ते प्रत्येक धातूला सारखेच ओरडायचे. तासाभरात दोन मुठी खिळे, एक बिजागरी आणि पत्र्याचे तुकडे निघाले. दुसऱ्या दिवशी एका परिचिताने चांगले यंत्र दिले. त्याच्या पडद्यावर धातूप्रमाणे आकडा येतो आणि नको तो धातू गप्प करता येतो. याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. भाच्याने लोखंड बंद केले, चांदीचा कागदही बंद केला. यंत्र एकदम शांत! दुपारपर्यंत काहीच नाही.

मग त्या परिचिताने फोनवर विचारले, "कागद बंद केलात का?" पातळ सोन्याचा दागिना आणि चॉकलेटचा चंदेरी कागद यंत्राला जवळपास सारखेच दिसतात. कचरा टाळायला गेलो की सोनेही टळते. आम्ही फक्त लोखंड बंद ठेवले आणि प्रत्येक बारीक आवाजाला माती उकरली. गोळ्यांची रिकामी पाकिटे, कागद, पुन्हा पाकिटे. मगरिबच्या थोडे आधी, वीतभर खाली, बाली निघाली. दादीने ती आधी पदराने पुसली, मग रडली.

म्हणून यंत्र पाहताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा, काय शोधायचे आहे हा असावा. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी बरी, मोठ्या किंवा खोल नाण्याला कमी. गॅरेटचे एस 250 हे नवशिक्यांचे यंत्र 6.5 किलोहर्ट्झवर चालते. नॉक्टाचे सिम्प्लेक्स प्लस 12 वर चालते आणि तीन मीटर पाण्यातही टिकते. मिनलॅबचे इक्विनॉक्स 800 एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरते, पण त्याची किंमत ऐकून आम्ही विषय बदलला. आपल्या भागात त्याहून महत्त्वाचे आहे ते ग्राउंड बॅलन्स. आपला काळा दगड आणि पश्चिमेकडचा जांभा यांत लोह भरपूर असते, आणि मातीच धातूसारखी बोलू लागते. ती आवाजातून वजा करण्याची सोय नसेल तर यंत्र घेऊ नये. मोठी कॉइल खोल पाहते, पण खिळ्यांच्या गर्दीत लहान कॉइलच उपयोगी. आणि साधे नाणे वीतभर खोलीपर्यंत सापडले तरी समाधान मानावे. "वीस फूट खोल सोने दाखवतो" असे सांगून अँटेना विकणाऱ्याच्या नादी लागू नये. एका ब्रिटिश व्यापाऱ्याने असलीच खोटी अँटेना बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकली, तिथल्या नाक्यांवर सैनिक तिच्यावर विसंबून राहिले. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची कैद झाली.

आता खजिन्याचे. यंत्र बाजारात मिळते म्हणून कुठेही खोदायची मुभा मिळत नाही. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, 2025 पासून जागतिक वारसाही. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारणे गुन्हा आहे. स्वतःच्या जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन निघाले तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले, आणि कोणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन सरकार घेते.

हा पाचवा हिस्सा वाचून आम्हाला रिकाजची आठवण झाली. इस्लामपूर्व काळातले पुरलेले धन सापडले तर पाचवा भाग बैतुलमालचा. आणि नुकतेच कुणाचे हरवलेले दिसले तर तो लुकता, त्याची वर्षभर जाहीर विचारपूस करायची. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सापडले तरी आपले नाहीच?" दादी म्हणाली, "ज्याचं हरवलं त्याला विचार."

गुप्तधनाच्या नावाने भोंदूगिरी करणाऱ्यांपासूनही मुलांना जपा. अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा 2013 चा कायदा गुप्तधनासाठी केलेल्या अमानुष प्रकारांनाही लागू आहे.

भाच्याला आम्ही खजिना दाखवलाच, पण टाउन हॉलच्या संग्रहालयात. ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पॉसिडॉनची ब्राँझची छोटी मूर्ती तिथे आहे. 1945-46 मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीला थर मोजत मोजत उत्खनन केले, म्हणून सातवाहन काळात कोल्हापूरचा रोमशी व्यापार होता हे नीट कळले. एखाद्याने यंत्राने हेरून रातोरात ती मूर्ती उचलली असती तर कुणाच्या तरी कपाटात एक बाहुली उरली असती, एवढेच. भाचा काचेपुढे बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर त्याने विचारले, "इथे खोदायचं शिकवतात का?" पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येते, असे आम्ही त्याला सांगितले आहे. बारावीचा निकाल लागला की पाहू.