जनी: जात्यावरची आणि बाजारातली

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या समारंभांत भाषणं पुष्कळ ऐकली. ज्ञानदेव, नामदेव, तुकोबांवर वक्ते भरभरून बोलले आणि जनाबाई आली ती वाक्याच्या शेपटाला, ‘नामदेवांची दासी’ म्हणून. विठोबाला दळणाला बसवणारी, रागावली की त्याला शिव्या घालणारी ही गंगाखेडची बाई एवढ्या दोन शब्दांत आटोपावी, हे मला सोसवत नाही.

तिचे अभंग टिकले ते नामदेवांच्या गाथेच्या आसऱ्याने, जवळपास साडेतीनशे. मधली शतकं कीर्तनकारांची आणि महिपतींची. त्यांनी जनीची भक्ती सांगितली, तिचा संताप मवाळ केला. १९४९ च्या ‘संत जनाबाई’ चित्रपटाने तिला हंसा वाडकरांचा चेहरा दिला.

माझी जनी मला भेटली ती १९८० नंतरच्या दशकात. स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत आम्ही तिचा तो अभंग म्हणायचो. डोईचा पदर खांद्यावर टाकून, टाळ-वीणा घेऊन ती भर बाजारात निघते, आता मला कोण अडवतो असं विचारते. सभेतल्या बायका ताठ बसायच्या. त्याच दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागात जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. पुढे तो साठा एक लाखावर गेला. त्या ओव्यांत जनी वारंवार येते, एखाद्या नात्यातल्या बाईसारखी, आणि विठू तिच्यासोबत दळतो. ज्या बायकांनी गाथा कधी उघडली नव्हती, त्यांच्या तोंडी ती सातशे वर्षं नांदत होती. आणि नेमकी तेव्हाच वाड्या-वस्त्यांवर पिठाची गिरणी पोचत होती. बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण पहाटेचं ते गाणं पुढच्या पिढीकडे गेलं नाही, याचं दुःख मला आजही आहे.

त्याच सुमारास एका चर्चासत्रात एक विद्वान म्हणाले, बाजाराचा तो अभंग जनीचा नव्हेच, मागाहून घुसडलेला आहे. असेलही. पण जुन्या हस्तलिखिताची कसोटी लावायची तर ती जनीच्या सगळ्याच अभंगांना लावा. लेकरांच्या गराड्यातला विठोबा रंगवणारा तिचा लाडका अभंग त्यांनी निमूट तिच्या नावावर ठेवला. संशय आला तो फक्त पदर ढळल्यावर! तेव्हा मी गप्प बसले नाही, आणि त्या सभेत पुन्हा मला बोलावणं आलं नाही.

आज भक्तिगीतांच्या मैफलीत तो लेकरांचा अभंगच ऐकू येतो. तो गोडच आहे, मलाही पाठ आहे. पण बाजारातली जनी मी कित्येक आषाढींत मंचावरून ऐकलेली नाही. आयोजकांना विचारलं तर म्हणतात, प्रसंगाला शोभत नाही. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनीचं म्हणून दाखवतात त्या जात्याला हेच लोक रांगेत उभे राहून हात लावतात.