लाल बहादूर शास्त्री मार्ग, मुंबई

लाल बहादूर शास्त्री मार्ग (प्रचलित नाव: एल.बी.एस. मार्ग; जुने नाव: आग्रा रोड) हा मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एक प्रमुख रस्ता आहे. शीव येथून निघून तो कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप व मुलुंडमार्गे ठाण्यास पोहोचतो. त्याची लांबी सुमारे २१ किमी असून तो मध्य रेल्वेच्या पश्चिमेकडून, लोहमार्गाला बहुतांशी समांतर जातो.

इतिहास

ठाणे व साष्टी बेट १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, तरी मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये शीवची खाडी होतीच. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत मे १७९८ मध्ये या खाडीवर बांध घालण्यास सुरुवात झाली व जानेवारी १८०५ मध्ये तो पूर्ण झाला. त्यासाठी ५०,५७५ रुपये खर्च आला. १८२६ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, बांधाची रुंदी दुप्पट करण्यात आली. मुंबईहून ठाणे, नाशिक व पुढे आग्र्याकडे जाणारी खुष्कीची वाहतूक याच वाटेने होऊ लागली. ‘आग्रा रोड’ हे नाव त्यातूनच आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे रेल्वे सुरू झाली, तीही याच पट्ट्यातून.

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत व १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढली. पुढे रस्त्याला माजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांचे नाव देण्यात आले. लोहमार्गाच्या पूर्वेकडून पूर्व द्रुतगती महामार्ग झाल्यावर लांब पल्ल्याची वाहतूक तिकडे वळली. तरीही गर्दी हटली नाही, कारण तोवर हा रस्ता कारखान्यांचा झाला होता.

औद्योगिक पट्टा

कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनलेली ‘पद्मिनी’ तेथेच तयार होई. भांडुपला एशियन पेंट्स, तर मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन आणि रिचर्डसन अँड क्रुडास हे कारखाने होते. कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जची हकिकत यांत वेगळी आहे. १९८५ मध्ये बंद पडलेली ही कंपनी चालवण्यास घेण्याची तयारी तिच्या कामगारांनीच दाखवली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या सहकारी संस्थेच्या योजनेला संमती दिली. कामगारांनी बंद कारखाना स्वतःच्या मालकीत घेण्याचे देशातील हे गाजलेले उदाहरण होय.

इतरत्र मात्र बंद कारखान्यांच्या जागी बहुधा निवासी मनोरे उभे राहिले. कुर्ल्यातील फिनिक्स मार्केटसिटी व घाटकोपरचे आर सिटी ही मोठी व्यापारी संकुले याच रस्त्यावर आहेत.

मार्ग व सद्यःस्थिती

कुर्ल्यात सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता (२०१४) या मार्गावरून उन्नत जातो. घाटकोपर येथे अंधेरी–घाटकोपर, कांजुरमार्गच्या गांधीनगर येथे जोगेश्वरी–विक्रोळी आणि भांडुपच्या सोनापूर येथे गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता त्यास मिळतो. मिठी नदीलगतचा कुर्ल्याचा सखल भाग पावसाळ्यात तुंबतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात तेथे मोठी हानी झाली.

मुलुंड चेक नाका ही या मार्गावरील मुंबईची हद्द. येथील जकात वसुली १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच थांबली, तर हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला.

घाटकोपर ते मुलुंड या टप्प्यात मेट्रो मार्गिका ४ (वडाळा–कासारवडवली) रस्त्याच्या वरून नेण्यात येत आहे. तिच्या नियोजित स्थानकांपैकी भांडुपच्या ‘शांग्रिला’ला तेथील बिस्किटांच्या कारखान्याचे नाव मिळाले आहे.