विश्लेषण : धावपट्टी समोर दिसत असताना छोटी विमाने का कोसळतात?

इंजिन सुरू, आकाश निरभ्र, धावपट्टी नजरेसमोर. तरीही उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर छोटे विमान अचानक एका अंगावर उलटते. बारामती, गोंदियात एकइंजिनी विमानांवर शिकणाऱ्यांपासून जगभरातील नवख्या वैमानिकांना बजावला जाणारा हा धोका म्हणजे ‘स्टॉल’ आणि त्यातून होणारी ‘स्पिन’.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे?

नाही, हा गैरसमज मोटारीमुळे झालेला. पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो, तो साधारण १५ ते १८ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाचा पृष्ठभाग सोडते आणि विमान उचलून धरणारे बल एकदम घटते. वळणात हे लवकर घडते. सरळ उडताना ५० नॉटला (ताशी सुमारे ९३ किमी) स्टॉल होणारे विमान उंची राखत ४५ अंश कलवले, तर सुमारे ५९ नॉटलाच स्टॉल होते. ६० अंशांत ७१ नॉटला.

चूक कुठे होते?

मागून वारा असला की वळण लांबते आणि विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. जमीन जवळ असल्याने वैमानिक जास्त कलायला बिचकतो आणि पायाने रडर दाबून नाक आत वळवतो. त्याने विमान कलतेच, नाकही खाली जाते. मग हात आपसूक उलट बाजूला एलेरॉन देतो आणि योक मागे खेचतो. आतला पंख आधी स्टॉल होतो. गिरकी तिथेच सुरू.

सावरता येत नाही?

उंची असेल तर येते : पॉवर कमी, एलेरॉन मध्यावर, गिरकीविरुद्ध रडर, मग योक पुढे. पण ‘सेसना १७२’च्या पुस्तिकेनुसार एक गिरकी आणि सावरणे यासाठी किमान १,००० फूट गृहीत धरावे लागतात. शेवटचे वळण असते साधारण ५०० फुटांवर! अमेरिकेत १९४९ मध्ये खासगी परवान्यासाठीची स्पिनची सक्ती काढून स्टॉल ओळखण्यावर भर दिला गेला.

मग उपाय?

रेषा हुकली तर वळण ओढूनताणून दुरुस्त करू नये. पॉवर देऊन ‘गो-अराउंड’ करावे. त्यात कमीपणा नाही, खर्च फार तर काही मिनिटांच्या इंधनाचा. कल ३० अंशांच्या आत, रडरचा समतोल दाखवणारा ‘बॉल’ मध्यावर. आणि स्टॉलचा भोंगा वाजताच, समोर जमीन दिसत असली तरी, आधी योक पुढे, पॉवर त्यानंतर.