उपचारानंतरही न सरणारी झोप

शाळेत दुपारच्या तासाला खुर्चीत बसल्या बसल्या शिक्षकांना डुलकी लागली, किंवा ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिता लिहिता ग्रामसेवकांची मान खाली गेली, तर पाहणारे त्याचा एकच अर्थ लावतात : आळस. परंतु अशा व्यक्तींपैकी काहींना झोपेतील श्वासरोध, म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया, हा विकार असतो. त्यातही विशेष असे की, या विकारावर रीतसर उपचार सुरू असूनही काही रुग्णांची दिवसाची झोप हटत नाही. मग घरचे लोक यंत्राला दोष देतात आणि कार्यालयातील सहकारी रुग्णाला. हे दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे ठरतात.

विकार आणि त्यावरील यंत्र

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही व्यक्तींमध्ये त्यामुळे श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्णपणे मिटतो. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. रुग्णाला याची जाणीवही नसते. प्रौढांमध्ये तासाला पाचपेक्षा कमी अडथळे सामान्य मानले जातात. हीच संख्या तीस किंवा त्याहून अधिक झाली, तर विकार तीव्र समजला जातो. साहजिकच आठ तास अंथरुणात काढूनही विश्रांती मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली यावर एक उपाय मांडला. नाकावर बसविलेल्या मुखवट्यातून हवेचा अखंड, सौम्य दाब दिला असता श्वासमार्ग उघडा राहतो. हेच आजचे सीपॅप यंत्र होय. बहुसंख्य रुग्णांना त्याने उत्तम गुण येतो. मात्र ज्यांना तो पुरेसा येत नाही, त्यांच्या बाबतीत कारणांचा शोध क्रमाक्रमाने घ्यावा लागतो.

पहिली तपासणी यंत्राची

रात्री यंत्र किती तास चालले, हा पहिला प्रश्न. पुष्कळ रुग्ण मध्यरात्रीनंतर मुखवटा काढून ठेवतात. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते आणि त्याच अवस्थेत श्वासरोध अनेकदा बळावतो. म्हणजे गरज सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच यंत्र बाजूला पडलेले असते. रात्री चार तास हा वापराचा किमान मापदंड म्हणून रूढ असला, तरी झोपेचा संपूर्ण काळ यंत्र लावणे हेच इष्ट होय.

मुखवटा सैल बसणे, तोंडावाटे हवा निसटणे, नाक चोंदणे, वजन वाढल्यामुळे पूर्वीचा दाब अपुरा पडणे, हीही नेहमीची कारणे आहेत. वीज गेली की यंत्र थांबते. म्हणून जेथे वीजपुरवठा खंडित होतो, तेथे बॅटरीची सोय करणे अगत्याचे आहे. आधुनिक यंत्रे वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेले अडथळे यांची नोंद ठेवतात. ही नोंद डॉक्टरांना दाखविल्यास अर्धे काम होते.

दुसरी तपासणी रुग्णाच्या दिनक्रमाची

यंत्र श्वास चालू ठेवते, पण झोपेचे तास वाढवीत नाही. प्रौढ माणसाला सामान्यतः सात तास तरी झोप लागते. पाळीची नोकरी किंवा रोजचा लांबचा प्रवास यांमुळे ती पाच तासांवर आली, तर दिवसा डोळे मिटणारच. सर्दीसाठी घेतलेल्या काही गोळ्या, झोपेची औषधे आणि मद्य यांनीही गुंगी येते. मद्य आणि काही झोपेची औषधे तर श्वासरोधही वाढवितात.

याखेरीज थायरॉइड ग्रंथीची मंदता, नैराश्य, लोहाची कमतरता, तिच्याशी अनेकदा संबंध असलेली रात्रीची पायांची अस्वस्थता, आणि क्वचित नार्कोलेप्सी हा झोपेचा स्वतंत्र विकार, यांचाही विचार करावा लागतो. यांतील बहुतेक कारणांवर उपचार उपलब्ध आहेत.

सर्व करूनही उरणारी झोप

फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, यंत्राचा वापर करणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे १२ टक्के व्यक्तींना दिवसा अतिरिक्त झोप येत असल्याचे आढळले. इतर विकार वगळल्यानंतरही हे प्रमाण सुमारे ६ टक्के राहिले. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, प्राणवायू वारंवार घटल्याने जागृती राखणाऱ्या काही मज्जापेशींना इजा होते आणि पुढे हवा सुरळीत मिळूनही ती पूर्णपणे भरून येत नाही. माणसातही असेच काही घडत असावे, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

अशा रुग्णांसाठी मोडाफिनिलसारखी जागृती वाढविणारी औषधे काही वेळा दिली जातात. रक्तदाब, हृदयविकार आणि इतर औषधे यांचा विचार करूनच ती द्यावी लागतात; म्हणून ती स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. शिवाय हे औषध मिटलेला श्वासमार्ग उघडीत नाही. औषध सुरू झाले म्हणून यंत्र बंद करणे ही गंभीर चूक ठरेल.

झोपेचे मोजमाप आणि सर्वांचे कर्तव्य

मेलबर्न येथील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली एक सोपी प्रश्नावली तयार केली. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, दुपारच्या जेवणानंतर स्वस्थ बसले असता, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यावयाचे. २४ पैकी १० हून अधिक गुण झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. उपचार सुरू असतानाही गुण कमी होत नसतील, तर ती बाब डॉक्टरांपासून लपवू नये.

सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो. वाहन चालविताना काही सेकंदांची डुलकीही अनेकांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून झोप आटोक्यात येईपर्यंत अशा रुग्णाने वाहन चालवू नये, आणि चालक, यंत्रचालक यांच्या वरिष्ठांनी त्यांना तात्पुरते दुसरे काम द्यावे. कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी डुलकी घेणाऱ्याची थट्टा न करता आधी चौकशी करावी. नोकरी जाईल या भीतीने दडविलेली झोप अधिक घातक असते. सांगितलेली झोप बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते.