एका तटाच्या आत : रोड्सचे जुने शहर

हिजरी ९२८ चा रमजान, म्हणजे इसवी सन १५२२ चा जुलै महिना. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातल्या रोड्स बेटावर २८ जुलै रोजी उस्मानी सुलतान सुलेमान स्वतः उतरला, तेव्हा रमजानचे पहिलेच दिवस चालू होते. त्याच्यासमोर होते सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी, म्हणजे नाइट्सनी, दोनशे वर्षे खपून भक्कम केलेले तटबंद शहर. पुढचे जवळजवळ पाच महिने त्या तटाखाली जे घडले त्याच्या खुणा आजही दगडांवर वाचता येतात. आज हे बेट ग्रीसमध्ये आहे आणि १९८८ पासून हे जुने शहर जागतिक वारसा यादीत आहे. रमजानच्या या पानावर आज त्याच शहरात एक फेरफटका मारू.

तट आणि तोफ

रोड्सचा तट साधारण चार किलोमीटरचा आहे. बाहेरून येताना आधी लागतो तो रुंद खंदक. जंजिऱ्याला पाण्याचे संरक्षण आहे. रोड्सचा खंदक मात्र कोरडाच होता आणि आजही कोरडाच आहे. त्यातून माणसे रमतगमत चालत जातात. तट काही ठिकाणी बारा मीटरपर्यंत जाड आहे. त्याला कारण तोफ. जुन्या काळी तट उंच असला की पुरे, कारण शत्रू शिड्या लावून चढणार. तोफा आल्यावर उंच आणि पातळ भिंत हे आयते लक्ष्य ठरले. १४८० मध्ये उस्मानी फौजेचा पहिला मोठा हल्ला नाइट्सनी परतवला, पण धडा घेतला. भिंती जाड केल्या, बुरूज बुटके आणि रुंद केले, वेशी वाकड्यातिकड्या वाटांच्या केल्या. १५१२ मध्ये बांधलेली ‘आंब्वाझ’ वेस याचा उत्तम नमुना आहे. आत शिरणाऱ्याला वळणे घेत जावे लागते आणि प्रत्येक वळणावर तो मारगिरीच्या टप्प्यात येतो. आपल्याकडच्या किल्ल्यांचे दरवाजे पाहिलेल्यांना हे तंत्र परके वाटणार नाही.

तटाची राखण विभागून दिलेली होती. नाइट्स युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून आलेले, म्हणून भाषेनुसार त्यांचे गट होते. प्रत्येक गटाकडे तटाचा एकेक भाग. इंग्रजांचा एक, स्पेनचा एक, इटलीचा एक, जर्मनांचा एक.

सुलेमानच्या सैन्याने तोफांइतकाच भर सुरुंगांवर दिला. जमिनीखाली बोगदे खणून तटाच्या पायाशी दारू पेटवायची. शहरात गाब्रिएले तादिनी नावाचा इटालियन स्थापत्यविशारद होता. त्याने ठिकठिकाणी ताणलेल्या कातड्याचे पडदे लावले आणि त्यांना बारीक घंटा बांधल्या. खाली कुदळ पडली की कातडे थरथरे आणि घंटा वाजे. मग त्या जागी आतून खणून शत्रूचा बोगदा निकामी करायचा. तरीही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या बाजूचा तट एका ठिकाणी उडालाच.

या तोफविद्येचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्या कारागिराच्या नावातच ‘रूमी’ आहे, म्हणजे उस्मानी मुलखातला.

वचन आणि वर्तन

डिसेंबरमध्ये दोन्ही बाजू थकल्या होत्या. सुलेमानने दिलेल्या अटी त्या काळाच्या मानाने उदार होत्या. नाइट्सनी शस्त्रे आणि सामानासह बारा दिवसांत निघून जावे. ज्या रहिवाशांना जायचे असेल त्यांना तीन वर्षांची मुभा. राहतील त्यांना पाच वर्षे करमाफी. आणि कोणत्याही चर्चची मशीद होणार नाही. १ जानेवारी १५२३ रोजी नाइट्स जहाजांवर चढले. पुढे १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळाले.

शेवटचे वचन मात्र पाळले गेले नाही. शहरातल्या अनेक चर्चच्या मशिदी झाल्या, आणि ग्रीक ख्रिश्चनांना तटाबाहेर राहावे लागले. सुलेमानच्या उदारपणाचा अभिमान बाळगायचा असेल तर हेही सांगायला हवे. त्याआधीचा हिशेबही स्वच्छ नव्हता. याच नाइट्सनी १५०२ मध्ये शहरातल्या ज्यूंना हद्दपार केले होते. उस्मानी अमलात, स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज तटाच्या आत येऊन वसले. त्यांनी आपली जुनी स्पॅनिश, म्हणजे लादिनो, बोली चारशे वर्षे जपली.

गल्ल्यांमधून

आता आत चला. नाइट्सचा रस्ता सरळ, दगडी आणि चढणीचा आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येक भाषागटाची पांथशाळा आणि भिंतींवर त्यांच्या घराण्यांची चिन्हे. रस्त्याच्या खालच्या टोकाला त्यांचे रुग्णालय. १४४० मध्ये सुरू झालेले हे काम १४८९ मध्ये पुरे झाले. मधला चौक, भोवती दुमजली कमानी आणि वर आजाऱ्यांचे लांबलचक दालन. तलवार चालवणाऱ्यांच्या या संघटनेचा मूळ धर्म रुग्णसेवा होता, हे ही इमारत सांगते. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

पलीकडच्या भागात गल्ल्या अरुंद होतात. पायाखाली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. डोक्यावर एका घरापासून समोरच्या घरापर्यंत गेलेल्या दगडी कमानी दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. बेट भूकंपाच्या पट्ट्यात आहे. हादरा बसला तर भिंतींनी एकमेकींना धरून ठेवावे म्हणून त्या घातलेल्या आहेत.

सुलेमानच्या नावाची गुलाबी मशीद विजयानंतर बांधली गेली आणि १८०८ मध्ये नव्याने उभारली गेली. तिच्या दाराची संगमरवरी चौकट युरोपीय रेनेसाँस धाटणीची आहे. समोरच हाफिज अहमद आगांचे ग्रंथालय, १७९३ मधले. तुर्की, अरबी आणि फारसी हस्तलिखिते तिथे जपलेली आहेत. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या सगळ्या शहरातली हेवा वाटावी अशी जागा हीच.

कोणता भूतकाळ ठेवायचा?

१९१२ मध्ये इटलीने बेट घेतले. इटालियनांना रोड्स पुन्हा नाइट्सचे करायचे होते. नाइट्सच्या रस्त्यावर उस्मानी काळात घरांना जोडलेले लाकडी सज्जे त्यांनी उतरवले. तटाभोवतीची मुस्लिम आणि ज्यू कब्रस्ताने हलवली. १८५६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने उद्ध्वस्त झालेला नाइट्सच्या प्रमुखाचा महाल त्यांनी १९३७ ते १९४० या काळात पुन्हा बांधला, तोही भव्यतेची हौस भागवत. आज ‘मध्ययुगीन’ म्हणून पाहिला जाणारा बराचसा महाल ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा आहे. दुरुस्ती करताना एका काळाला उजळायचे तर दुसऱ्याला पुसावे लागते. पुसायचे काय, हा निर्णय दगडाचा नसतो; तो सत्तेचा असतो.

दगडांपेक्षा मोठे नुकसान १९४४ च्या जुलैत झाले. जर्मनांनी रोड्स आणि शेजारच्या कॉस बेटावरील सुमारे १,७०० ज्यूंना पकडून आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवले. परतले दीडशेच्या आसपास. त्या वेळचे तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन जर्मन अधिकाऱ्याला भेटले. तुर्की नागरिकांचे पती-पत्नीही आमच्या कायद्याने तुर्कीच ठरतात, असे त्यांनी ठणकावून सांगितले. असा कायदा प्रत्यक्षात नव्हता. पण चाळीसहून अधिक माणसे वाचली. १९८९ मध्ये इस्राएलने त्यांचा गौरव केला.

१५७७ मधले ‘कहाल शालोम’ हे सिनेगॉग आजही तटाच्या आत उभे आहे. जवळच्या चौकाला ज्यू हुतात्म्यांचे नाव आहे. मुसलमानही पूर्ण गेले नाहीत. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली तेव्हा रोड्स इटलीकडे होते, म्हणून इथले तुर्की बोलणारे मुसलमान घरांत राहिले. सोळाव्या शतकातल्या इब्राहिम पाशा मशिदीत आजही नमाज होते. ग्रीक, जे एकेकाळी संध्याकाळी तटाबाहेर जात, ते आज आत राहतात आणि दुकाने चालवतात.

रोड्सला जाणारा प्रवासी बहुधा नाइट्सचा रस्ता आणि महाल पाहून परततो. वेळ असेल त्याने त्यापुढची दहा मिनिटेही चालावीत. एक ग्रंथालय, एक सिनेगॉग आणि एक चालती मशीद त्या दहा मिनिटांत आहेत, आणि त्यांच्याशिवाय त्या चार किलोमीटरच्या तटाची गोष्ट अर्धीच राहते.