सोबतीण पेशी

डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या की शेतकरी ओळखतो, हे सूत्रकृमीचं काम. या कृमीला डोळे नाहीत. तरी मातीच्या अंधारात तो कोवळ्या मुळाचा माग काढतो, कारण तोंडाच्या दोन्ही बाजूंना त्याला एकेक इवलासा ज्ञानेंद्रिय-अवयव असतो. त्याचं नाव अँफिड. मात्र अँफिडच्या आत काय चालतं, हे आपल्याला बहुतांशी शिकवलं ते दुसऱ्याच एका सूत्रकृमीने. तो कुणाच्या मुळाला त्रास देत नाही, सडक्या फळांवरच्या जिवाणूंवर जगतो. त्याला सी. एलेगन्स म्हणतात.

हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि काचेसारखा पारदर्शक. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला हाताशी धरलं ते मज्जासंस्था मुळापासून समजून घ्यायला. प्रौढ उभयलिंगी कृमीत बीजपेशी सोडून ९५९ पेशी असतात, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. १९८६ साली या चेतापेशींच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा छापून आला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. त्याच कृमीत ५६ ग्लिया पेशीही होत्या. कागदावर त्याही काटेकोर नोंदल्या होत्या, पण त्यांच्याकडे वळून बघायला पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी आलं नाही. संदेश चेतापेशी वाहणार, ग्लिया नुसता आधार देणार, असा समज पक्का होता. या लेखाची नायिका त्या दुर्लक्षित छप्पन्नांतली आहे.

आधी तिचं घर पाहू. प्रत्येक अँफिडमध्ये बारा संवेदी चेतापेशी असतात. त्यांचे लांब तंतू जुडीने नाकाच्या टोकापर्यंत जातात. आठ जणींची टोकं एका अरुंद नळीतून बाहेरच्या जगाला थेट भिडतात आणि मीठ, आम्ल, घातक रसायनं चाखतात. तिघींची टोकं पंखासारखी पसरलेली असतात, त्या वास घेतात. उरलेली एक तापमान ओळखते, आणि तिच्या टोकाला सूक्ष्म बोटांचा झुबका असतो. शेवटच्या या चौघींची टोकं नळीत नसतात. ती सोबतीण पेशीच्या अंगात रुतलेली असतात. नळीचं तोंड घडवणारी खोबणी पेशी वेगळी, आणि नळीचा आतला भाग घडवून बाराही टोकांना कवेत घेणारी आवरण पेशी वेगळी. दोन्ही ग्लियाच. पण माझ्या मते खरी कर्तबगार ती आवरण पेशी, आणि आपली सोबतीण तीच.

ती नसेल तर काय होतं? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शाय शाहम यांच्या गटाने हा प्रश्न सरळ कृमीलाच विचारला. सस्तन प्राण्यांत ग्लिया काढून टाकल्या की चेतापेशीही मरतात, मग कशामुळे काय बिघडलं हे सांगता येत नाही. सी. एलेगन्समध्ये तसं होत नाही, आणि हेच त्याचं मोठं देणं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात अवयव घडून झाल्यावर आवरण पेशी नष्ट केली. चेतापेशी जिवंत राहिल्या. पण तापमान ओळखणारीच्या टोकाची बोटं नाहीशी झाली, वास घेणारींचे पंख विस्कटले. निरोगी कृमीला विशिष्ट रंगद्रव्यात ठेवलं तर नळीतल्या काही चेतापेशी तो रंग शोषून चमकू लागतात, इथे त्या कोऱ्याच राहिल्या. कृमीची वागणूकही बिघडली. तंबोऱ्याची तार शाबूत असावी आणि जवारी निघून जावी, तसं झालं.

मग पुढचा प्रश्न: ही पेशी नेमकं काय पुरवते? याचं उत्तर तिच्या जनुकांत शोधावं लागतं. कृमीच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. त्यातली कुठली जागी आहेत आणि कुठली झोपलेली, यावर पेशीचं काम ठरतं. शाहम यांच्या गटाने ग्लिया पेशींना हिरवं चमकणारं प्रथिन दिलं, चमकणाऱ्या पेशी यंत्राने वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यात कोणती जनुकं इतर पेशींपेक्षा जास्त जागी आहेत ते मोजलं. यादीत पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या किंवा पेशीच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या प्रथिनांची गर्दी होती. त्यातलंच एक फिग-१. ते बिघडलं की पेशी जागेवर असूनही चेतापेशी रंग शोषत नाहीत. या प्रथिनाचे काही भाग थ्रोम्बोस्पाँडिन या प्रथिनाशी जुळतात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ग्लिया थ्रोम्बोस्पाँडिन स्रवतात आणि त्यामुळे चेतापेशींमधल्या जोडण्या तयार व्हायला मदत होते. कृमी आणि आपण यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी सोबतिणीच्या शिदोरीत ओळखीचा जिन्नस निघतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या शिदोरीवर देखरेख ठेवणारं एक प्रथिन २०१६ साली समोर आलं: प्रॉस-१. त्याचे भाऊबंद फळमाशीत आणि पृष्ठवंशीय प्राण्यांतही आहेत. भ्रूणात पेशीने कोण व्हायचं हे ठरवण्यासाठी ते आधीपासून प्रसिद्ध होते. इथे मात्र प्रॉस-१ अवयव घडून गेल्यावर कामाला लागतं आणि सोबतीण काय काय स्रवेल याची जनुकं जागी ठेवतं. ते काढलं की बिघाड सोबतिणीपुरता थांबत नाही, शेजारच्या चेतापेशींची टोकंही आकार गमावतात. म्हणजे पेशी एकदा घडली की तिचं काम आपोआप चालू राहतं असं नाही. ती जागी जनुकं आयुष्यभर जागीच ठेवावी लागतात.

तापमान ओळखणाऱ्या चेतापेशीजवळ जरा थांबायला हवं, कारण इथला तपशील विलक्षण आहे. तिच्या बोटांच्या झुबक्याभोवती सोबतिणीच्या पटलाचा जेवढा भाग येतो, नेमका तेवढ्यातच केसीसी-३ नावाचं वाहक प्रथिन बसलेलं असतं. पोटॅशियम आणि क्लोराइड यांचं त्या चिमुकल्या जागेतलं प्रमाण ते सांभाळतं. २०१६ साली आकांक्षा सिंघवी, शाहम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे क्लोराइड चेतापेशीवरच्या एका विकराला थेट लगाम घालतं. हे विकर चेतापेशीत चक्रीय जीएमपी हे रसायन तयार करतं. क्लोराइडचा लगाम सुटला की ते रसायन वाढत जातं, आणि बोटांना आकार देणारा आतला सांगाडा कोलमडतो. चेतापेशीचं टोक कसं दिसावं आणि तापमानाला कसा प्रतिसाद द्यावा, याचा निर्णय अशा रीतीने शेजारणीच्या एका जनुकातून येतो.

सिंघवी यांनी पुढे सिॲटलच्या फ्रेड हच संस्थेत हेच टोक पाहत राहून आणखी एक गोष्ट टिपली: सोबतीण त्या बोटांचे तुकडे खाते. हे खाणं आजारपणातलं नाही, रोजचं आहे. तापमान आणि चेतापेशीची सक्रियता यांप्रमाणे ते कमीजास्त होतं. जास्त खाल्लं तरी टोकाचा आकार बिघडतो, कमी खाल्लं तरी बिघडतो, आणि त्याबरोबर तापमानानुसार वागण्याची कृमीची रीतही. आपल्या डोळ्यांतही दृष्टिपटलामागच्या पेशी प्रकाशग्राही पेशींची झिजलेली टोकं रोज गिळतात. ते थांबलं तर दृष्टी जाते.

परिस्थिती बदलली की सोबतिणीची जनुकंही बदलतात. अन्न संपलं आणि गर्दी वाढली की कोवळी अळी डौअर नावाच्या अवस्थेत जाते: अंग बारीक, तोंड बंद, खाणंपिणं थांबलेलं. अशी ती महिनोन्‌महिने टिकते. या काळात वास घेणाऱ्या एका चेतापेशीचे पंख पसरतात, आणि त्यांना जागा देण्यासाठी डावी-उजवी सोबतीण वाढून बहुधा एकमेकींत मिसळून जातात. या बदलाला व्हर-१ हे जनुक लागतं. एरवी ते फारसं बोलत नाही. डौअरमध्ये किंवा कृमी २५ अंशांच्या उबेत वाढला तर ते जागं होतं, आणि त्याला जागं करायला टीटीएक्स-१ हे प्रथिन सोबतिणीतच असावं लागतं.

ती वासही घेते. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की नकोशा वाटणाऱ्या एका रसायनाचा वास आवरण पेशी स्वतःच पकडते आणि शेजारच्या चेतापेशीला आवर घालते. कृमी त्या वासाला सरावतो तो त्यामुळे.

खोबणी पेशीवर मात्र मी आधी थोडा अन्याय केला, कारण नरामध्ये ती जे करते ते थक्क करणारं आहे. नर वयात येताना ती विभागते आणि दोन्ही बाजूंना तिच्यातून एकेक अस्सल चेतापेशी जन्माला येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रिचर्ड पूल आणि अरांत्झा बॅरिओस यांच्या गटाने २०१५ साली ही जोडी उजेडात आणली. एरवी उपासमारीशी जोडलेलं मीठ कृमी टाळायला शिकतो. पण उपासमारीच्या वेळी जोडीदार जवळ होता, तर नर त्याच मिठाकडे जायला शिकतो. हा धडा त्याला या नव्या चेतापेशींशिवाय जमत नाही. इतक्या बारकाईने मोजलेल्या प्राण्यात दोन चेतापेशी तोवर कुणाच्या गणतीतच नव्हत्या.

अलीकडे सिंघवी यांच्याच गटाने प्रौढ कृमीतल्या सगळ्या ग्लियांच्या केंद्रकांमधल्या आरएनएचं वाचन केलं, उभयलिंगी कृमीत आणि नरांतही. रचनेने हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या ग्लियांमध्येही जागी जनुकं वेगळी निघाली, कधी लिंगानुसार तर कधी एकाच लिंगात. शिवाय या पेशींमध्ये चेतापेप्टाइडांची जनुकं जागी सापडली, म्हणजे दूरवर परिणाम करणारे रासायनिक निरोप तयार करण्याची तयारी तिथे आहे. पण असे निरोप बाहेर सोडायला चेतापेशी जी यंत्रणा वापरतात, तिची जनुकं ग्लियांत झोपलेली आढळली. तेव्हा हे निरोप ग्लियांमधून बाहेर पडत असतील तर त्यांचा रस्ता निराळाच असणार, आणि आता शोध त्या रस्त्याचा आहे.